जैसलमेर : वाळवंटात पाणी पाहायला

सुट्टीत मराठवाड्यातून अजमेरला जाणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. जियारत झाली, जयपूर पाहिलं की बहुतेक जण परतीची गाडी धरतात. हाताशी आणखी चार दिवस असतील तर मात्र जोधपूरमार्गे जैसलमेरपर्यंत जाऊन यावं. जोधपूरहून ते साधारण 300 किलोमीटर आहे; रेल्वे आहे, बसही आहे. आम्ही पिंगळीहून मागच्या दिवाळीत अम्मी आणि मुलांना घेऊन असेच पुढे गेलो.

वाळवंट म्हटलं की उंट, जीप आणि तंबू एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण टँकरची वाट पाहिलेल्या आपल्यासारख्या लोकांनी तिथे पाहावं ते पाणी. मराठवाड्यात वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जैसलमेरला 200 हूनही कमी. तरीही 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. जैसलमेर मात्र आठशे वर्षांहून जास्त काळ नांदत आलं आहे. आज तिथे इंदिरा गांधी कालव्याचं पाणी पोहोचलं आहे. पण कालव्याआधी ही माणसं कशी जगली, हे विचारत फिरलं तर सहलीला वेगळीच गोडी येते.

पहिला दिवस शहरासाठी ठेवावा. सकाळी गडीसर तलावावर जावं. चौदाव्या शतकातला हा तलाव, आणि गावाची तहान शतकानुशतकं त्यानेच भागवली. घाट, छत्र्या, हिवाळ्यात येणारे पक्षी हे सगळं सुंदर आहेच. पण अम्मींचा प्रश्न वेगळा होता. त्या म्हणाल्या, "इथून किल्ल्यावर पाणी नेणाऱ्या बायांच्या डोक्याचं काय होत असेल?" त्यानंतर आम्ही किल्ला चढलो तेव्हा मुलांनीही रस्ता पावलांनी मोजला.

पिवळ्या दगडाचा हा किल्ला रावल जैसल यांनी 1156 साली वसवला. 2013 मध्ये राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आत आजही लोक राहतात. पाणी डोक्यावरून वर येत होतं तोवर ते जपून वापरलं जायचं. पुढे नळ आले, हॉटेलं आणि न्हाणीघरं वाढली, सांडपाणी टेकडीच्या पोटात मुरू लागलं आणि काही बुरूज ढासळले. पाण्याच्या टंचाईत टिकलेला किल्ला पाण्याच्या उधळपट्टीने खचतो आहे. म्हणून आम्ही मुक्काम किल्ल्याबाहेर केला. वाचकांनीही तसंच करावं, असं सुचवावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी गाडी ठरवून कुलधऱ्याला जावं, सुमारे 18 किलोमीटर. पालीवाल ब्राह्मणांचं हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओसाड पडलं. दिवाण सलीम सिंह यांच्या जुलुमाला कंटाळून लोक एका रात्रीत निघून गेले आणि जाताना शाप देऊन गेले, अशी कथा वाटाडे रंगवून सांगतात. हे दिवाण नावाने सलीम असले तरी मुसलमान नव्हते; ते संस्थानातल्या मेहता घराण्याचे होते. मुलांना हे आवर्जून सांगावं, कारण असे गैरसमज नावावरून सहज पसरतात. भुताखेतांच्या गोष्टी सोडून द्याव्यात. विहिरी आटत गेल्या आणि पिकांवर पोट भरेना, हेही गाव उठण्याचं एक कारण अभ्यासक सांगतात.

याच पालीवालांनी वाळवंटाला दिलेली देणगी म्हणजे खडीन. खडकाळ उतारावरून वाहत येणारं पावसाचं पाणी खालच्या बाजूला मातीचा लांब बांध घालून अडवायचं. पावसाळाभर ते जमिनीत मुरू द्यायचं आणि हिवाळ्याच्या तोंडाला त्याच ओलीवर गहू, हरभरा पेरायचा. वेगळं पाणी द्यायला लागत नाही. आम्ही गेलो तेव्हा एका खडीनमध्ये पेरणी चालली होती. आपल्या रब्बीच्या रानासारखंच रान, फक्त चहूकडे वाळू आणि खडक.

वाळवंटातले लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचं साठवलेलं ते पालर, खोल विहिरीचं ते पाताल, आणि या दोघांमधलं ते रेजाणी. काही भागांत वाळूखाली खडियाचा, म्हणजे जिप्समचा थर असतो. वाळूत मुरलेला पाऊस त्यावर अडून राहतो आणि खाली खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तिथे अगदी अरुंद कुई खणतात. तिच्यात थेंबाथेंबाने दिवसभरात काही घागरी गोडं पाणी जमतं. तूप सांडलं तर चालेल, पाणी सांडू नये, अशा अर्थाची म्हण तिथे उगीच नाही.

संध्याकाळी सम गाठावं. शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर वाळूच्या टेकड्या आहेत. उंटाचा आणि जीपचा दर आधी ठरवावा. लहान मुलं आणि वयस्कर माणसं यांना जीपच्या कसरतींपासून दूर ठेवावं. गर्दी नको असेल तर खुरी गाव बरं. रात्री तंबूंच्या अंगणात गाणारे लोक बहुतेक मांगणियार किंवा लंगा असतात. दोन्ही समाज मुसलमान आहेत. मांगणियार पिढ्यानपिढ्या आपल्या राजपूत यजमानांच्या घरी जन्माला, लग्नाला गात आले आहेत. कमायचा हे त्यांचं वाद्य. ते वाजवणाऱ्या हमीरा गावच्या साकर खान यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. मोबाइलवर चित्रण करून उठून जाण्याऐवजी त्यांना वाद्याचं नाव विचारावं, सलाम करावा. आमच्याशी ते नंतर बराच वेळ बोलत बसले.

तिसऱ्या दिवशी बाडमेर रस्त्यावर 17 किलोमीटरवरचं आकल पाहावं. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे तिथे उघड्यावर पडले आहेत. आज जिथे सावलीला शोधूनही झाड सापडत नाही, तिथे एके काळी दाट जंगल होतं. वाटेत दिसणारं खेजडीचं झाड म्हणजे आपली शमी. तिच्या शेंगांची केर-सांगरीची भाजी जरूर खावी. मरु राष्ट्रीय उद्यानात गोडावण, म्हणजे आपला माळढोक, दिसला तर नशीब समजावं. सोलापूरजवळ नान्नजचं अभयारण्य त्याच्यासाठीच केलं, पण आता हा पक्षी फार थोडा उरला आहे.

जाण्याचा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. रात्री थंडी असते, मुलांचे स्वेटर विसरू नयेत. प्रवासात जुहर, असर आणि इशाच्या चार फर्जऐवजी दोन रकात, ही सवलत आहेच. आणि वुजू करताना एक गोष्ट मुलांना दाखवून द्यावी. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम एक मुद्द पाण्यात वुजू करत. मुद्द म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढं माप. आम्ही वाळूत बसून बाटलीने तेवढंच पाणी मोजून घेतलं. मोठ्याला ते पुरलं, धाकट्याला दुसरी ओंजळ लागली.

मुलांना जैसलमेरला नेण्याआधी एकदा आपल्या जिल्ह्यातल्या बारवा दाखवाव्यात. पिंगळीत पिंगळेश्वर मंदिराजवळ जुनी बारव आहे, सेलू तालुक्यात वालूरला गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची आहे. त्या पायऱ्या उतरलेल्या मुलाला गडीसर आणि खडीन समजावून सांगावं लागत नाही. तो तिथे पोहोचताच विचारतो, "यात पाणी कुठून येतं?"