इंदूरचं काच मंदिर

इंदूरला कृष्णपुऱ्यात होळकरांच्या छत्र्या आहेत, कान्ह नदीच्या काठी. त्या पाहून राजवाड्यावरून इतवारिया बाजारात गेलं की काच मंदिर लागतं. शेठ हुकुमचंद यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं हे जैन मंदिर बाहेरून जुन्या हवेलीसारखं दिसतं. आत मात्र भिंती, खांब, छत, जमीन, सगळीकडे काच! तीर्थंकरांची मूर्ती समोरासमोरच्या आरशांत इतक्या वेळा उमटते की मोजणं सोडून द्यावं. आणि तिथेच कुठेतरी आपणही दिसतो, कुठूनही आलेले असलो तरी.

मला इंदूरचा स्वभावही तसाच वाटला. होळकरांच्या काळात आलेली मराठी घराणी तिथलीच झाली. आपल्या मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची लता १९२९ साली जन्मली तीही इंदुरातच. हे आपण अभिमानाने सांगतो खरं.

गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असत. उजेड आत येई, पण बाहेर कोण उभं आहे ते दिसत नसे. आपल्या मराठी कार्यक्रमांचं थोडं असंच झालंय. तीच माणसं, त्याच खुर्च्या. शेजारी भाड्याने राहायला आलेलं बेळगावचं किंवा सोलापूरचं कुटुंब मराठीच बोलत असतं, पण त्यांना बोलवायचं कुणाला सुचत नाही.

कोजागरीला आमच्या वाड्यावर गाणी असतात. यंदा मी दोन-तीन घरी स्वतः जाऊन सांगणार आहे.