दोन शब्द राहिले



माउली, आता गळा बसला आहे. वीणा घेऊन तासभर उभे राहवत नाही. कीर्तनात बोलायचे राहून गेलेले एक इथे लिहितो.

३१ ऑक्टोबर १९८४. गावोगाव काकडा चालू होता, पंढरीची कार्तिकी तीन-चार दिवसांवर आली होती. इंदिराबाई गेल्याचे रेडिओवर ऐकले. मारेकरी त्यांचेच अंगरक्षक आणि ते शीख, हे कळले आणि लोणावळ्याच्या बाजारातले बोलणे बदलले. जुना मुंबई-पुणे रस्ता गावातूनच जातो. घाट चढून आलेले ट्रक तिथे थांबत, चालवणारे बरेचसे सरदारजी. रस्त्याकडेला एका सरदारजींचे टायरचे दुकान होते. दोन दिवस शटर खाली आणि माणसे आत.

२ नोव्हेंबरला रात्री विठ्ठल मंदिरात माझे कीर्तन होते. दुपारी चर्चचे फादर आले. वसईकडचे, मराठी आपल्यासारखेच बोलत. चपला काढून पायरीवर बसले.

"बुवा, आज आमच्यात मृतांचा दिवस. संध्याकाळी दफनभूमीत मेणबत्त्या लावतो. एक इंदिराबाईंसाठी लावणार, एक दिल्लीत जे मारले जाताहेत त्यांच्यासाठी. मिस्सेत सांगितलेय, कुणी कुणाच्या दारात दगड घेऊन जायचे नाही. पण माझी मंडळी मूठभर. तुम्हाला ऐकायला सारा गाव येतो. सरदारजींसाठी दोन शब्द बोला."

"बोलतो की, फादर," मी म्हणालो.

अभंग घेतला होता नामदेवरायांचा. नामदेवराय पंजाबात घुमानला राहिले, त्यांची ६१ पदे ग्रंथसाहिबात आहेत, शीख त्यांना भगत नामदेव म्हणतात. हे मला गुरुजींनी लहानपणीच सांगितले होते. म्हणजे त्या रात्री मला वेगळे काही शोधायचे नव्हते, वाक्य तोंडात तयार होते. पण पुढच्या रांगेत ज्यांच्या देणगीवर सप्ताह चालतो ती मंडळी बसली होती. त्यांतल्या एकाने चहाच्या टपरीवर टायरच्या दुकानाचे काय करायचे, ते चारचौघांत सांगितले होते. म्हटले, ओघात येईल तेव्हा बोलू. ओघात आले नाही. देहाच्या नाशिवंतपणावर दीड तास बोललो. लोकांचे डोळे भरून आले, आणि मला तेही बरे वाटले.

कीर्तन संपल्यावर आपण एकमेकांच्या पाया पडतो. त्या गृहस्थांनी माझ्या पायाला हात लावला, मी त्यांच्या. ख्रिस्ती मंडळींतही मिस्सेत प्रसाद घेण्याआधी शेजाऱ्याकडे वळून त्याला शांती द्यायची रीत आहे. रीत दोन्हीकडे आहे. फादरांनी ती त्या दिवशी देवळाबाहेर रस्त्यावर नेली, माझी मांडवातच राहिली.

पुढे कळले, त्या दंगलीत एकट्या दिल्लीत सरकारी हिशेबाने २,७३३ माणसे मारली गेली. मदर तेरेसा तिथल्या छावण्यांत गेल्या होत्या. १९९३च्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत क्रिस हानी या काळ्या पुढाऱ्याला एका गोऱ्याने गोळ्या घातल्या. अंत्यविधीला मैदानात प्रचंड जमाव, सगळा संतापलेला. आर्चबिशप डेस्मंड टुटू त्यांच्यापुढे उभे राहिले आणि काळे-गोरे सगळे मिळून मुक्त होऊ, असे त्यांच्याच तोंडून वदवून घेतले. हे वाचले तेव्हा मला माझी पुढची रांग आठवली. परक्यांना शांत राहा म्हणणे सोपे असते हो. टुटूंचा जमाव त्यांचाच होता.

त्यानंतर नामदेवरायांचा अभंग घेतला की घुमानचा आणि ग्रंथसाहिबाचा उल्लेख मी कधी चुकवला नाही. टाळकरी हसत, "बुवा घुमानला निघाले" म्हणत. पण तोवर गाव निवलेले होते, ऐकायला कुणाला जड जात नव्हते.

त्या रात्री परत निघालो तेव्हा अकरा वाजून गेले होते. टायरच्या दुकानापुढे बाकडे टाकून फादर आणि त्यांच्यातले चार-पाच जण बसले होते. कंदील होता, पत्ते नव्हते, गप्पाही नव्हत्या. दुकानाला काही झाले नाही, ना त्या रात्री ना नंतर. आत कुणीतरी खोकले. फादरांनी मला पाहिले, हात जोडले आणि म्हणाले, "रामकृष्ण हरि, बुवा. कीर्तन कसे झाले?"

"चांगले झाले," मी म्हणालो आणि स्टेशनकडे चालू लागलो.