पाझर

समन्स काढणे आणि ते बजावले जाणे यांत किती अंतर असते, हे आम्हां वकिलांना कोणी सांगावे लागत नाही. झाडांना पाणी घालणे आणि ते मुळांशी पोहोचणे यांतही तेवढेच अंतर आहे.

सुरतेजवळच्या कडोदऱ्यात आम्ही राहतो. १९७२ मध्ये तापीवर उकाईचे धरण पुरे झाले. कालव्यांनी या जिल्ह्यातील ऊस हिरवा राहिला. आमच्या वस्तीला मात्र बोअरचाच आधार, आणि तीही वैशाखात आटू लागते. गेल्या वैशाखात मंडळींपुढे प्रश्न आला : देवळाच्या आवारातील तुळस, जास्वंद आणि अनंत जगवावेत, की ते पाणी घरांसाठी राखावे? देवाला फुले हवीत, हे खरे. परंतु शेजारचा हंडा रिकामा ठेवून वाहिलेले फूल देवाला तरी कसे रुचेल?

उत्तर गाभाऱ्यातच टांगलेले होते. शिवपिंडीवरची गळती थेंबाथेंबाने अखंड अभिषेक करते. एक तांब्या पाणी तिला कितीतरी वेळ पुरते. इस्रायलमध्ये १९६० च्या दशकात ठिबक सिंचनाची साधने विकली जाऊ लागली, त्यांच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे. अंगभर सूक्ष्म छिद्रे असलेली रबरी पाझरनळी ही त्याच कुळातली.

ती आम्ही आवारात अंथरली. तिचे शेवटचे तोंड बंद केले. वर पाचोळा पसरला, म्हणजे ऊन पाणी पिऊन टाकीत नाही. नळी बुंध्याला चिकटवायची नाही; फांद्यांची सावली जेथे संपते, तेथे पाणी शोषणारी कोवळी मुळे अधिक असतात. तोटी अगदी थोडी उघडावयाची : पाणी उडता कामा नये, पाझरावे. येथील काळी माती पाणी सावकाश पिते, पण प्यालेले पुष्कळ दिवस जपते. म्हणून रोजच्या शिंपणापेक्षा काही दिवसांआड सावकाश, खोल भिजवण बरी.

“पाणी दिसतच नाही, मग घातले म्हणायचे कसे?” पुजारीकाकांनी शंका घेतली. मी एक काठी मातीत खुपसून त्यांच्या हाती दिली. वीतभर खोलीपर्यंत ती ओली होती. त्यांनी ती पुन्हा दुसऱ्या झाडापाशी खुपसून पाहिली, आणि मग स्वतःच तोटी बंद केली.

झाडे जगली, हंडेही भरले. आता सायंकाळी आवारात पाण्याचा आवाज येत नाही. नवख्या माणसास वाटते, आज झाडांकडे कोणी पाहिलेच नाही.