मेस्त्री 'आपला' आहे, हा पुरावा नव्हे

गाडीचे दुखणे सांगणार मेस्त्री, त्यावरचे औषध देणार मेस्त्री आणि बिल फाडणारही मेस्त्रीच. दुरुस्तीनंतर गाडी सुरळीत चालली, तरी काढून टाकलेला पार्ट खरोखर निकामी होता का, हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही. डार्बी आणि कार्नी या अर्थतज्ज्ञांनी १९७३ मध्ये अशाच व्यवहारांवर लेख लिहिला होता. ज्याला ज्ञान आहे तोच गरज ठरवतो आणि तोच विकतो, तिथे फसवणुकीला जागा राहतेच, असा त्यांच्या मांडणीचा रोख. ज्ञान एकाच्या हाती आणि खर्च दुसऱ्याच्या माथी, ही रचना आपल्या लोकांना वेगळी समजावून सांगायला नको.

आमच्या कामाला एक जुनी, सेकंडहँड सात सीटर व्हॅन आहे. फोंडाघाट परिसरातल्या वाड्यांवरून पेशंट कणकवलीला न्यायचे, आणि तिथून पुढे पाठवले तर घाट चढून दाजीपूर-राधानगरीमार्गे कोल्हापूरला सीपीआरला. पावसाळ्याच्या तोंडावर मेस्त्रीने २२ हजारांचा अंदाज दिला. ब्रेकचे पॅड, मागचे लायनर आणि ब्रेक ऑइल ४,२००, क्लच सेट ८,५००, पुढचे दोन शॉकअप ६,८००, इंजिन फ्लश आणि इंजेक्टर क्लीनिंग २,५००. "सगळां बदलूक व्हया," म्हणाला. पैसे वर्गणीचे. त्यातल्या प्रत्येक रुपयाचा हिशोब वाडीत द्यावा लागतो.

बैठकीत यावर जी चर्चा झाली, त्यासाठी हा लेख. एक जण म्हणाला, मेस्त्री आपल्याच समाजाचा आहे, तो कशाला फसवेल? दुसऱ्याचे म्हणणे, सगळे गॅरेजवाले चोर, एक पैसा देऊ नका. तिसऱ्याने दुसऱ्या गॅरेजचे नाव सुचवताच कुणीतरी त्या मेस्त्रीचा धर्म काढला. आम्हांला हे तिन्ही युक्तिवाद एकाच जातकुळीचे वाटतात. तिघांपैकी एकानेही गाडीखाली वाकून पाहिले नव्हते. माणूस कोण आहे यावरून पार्टची अवस्था ठरवायची, ही सवय आपण दुसऱ्यांच्या बाबतीत बरोबर ओळखतो. मग स्वतःच्या बैठकीत ती का चालवून घ्यायची?

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितलेली गोष्ट आपण भाषणांत नेहमी आणतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा आदरणीय आहे म्हणून मानू नका. पण तिचा उत्तरार्ध आपण गाळतो. तपासून हितकारक आहे असे स्वतःला कळले, की ते स्वीकारून तसे वागा, असेही त्यांनी सांगितले. नुसता संशय म्हणजे चिकित्सा होत नाही. संशयाच्या भरात ब्रेकचे काम टाळले, तर फोंडा घाट माफ करणार नाही.

म्हणून आधी एवढेच विचारले, "मेस्त्रीनू, काढलेलो पार्ट जरा दाखवशात?" मेस्त्रीला राग आला नाही. चांगल्या कारागिराला येतही नाही. चाक काढल्यावर पॅडचे मटेरियल तीन मिलिमीटरच्याही खाली गेलेले दिसले. नवे पॅड साधारण दहा मिलिमीटरचे असतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. ओलावा मुरलेले ऑइल लांब उतारावर तापून उकळले की पेडल पोकळ होऊन खाली जाते. म्हणूनच ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. आमच्या गाडीत ते कधी बदलले होते याची नोंदच नव्हती. ब्रेकचे काम त्याच दिवशी केले, त्यावर वाद घालायला जागाच नव्हती.

पुढच्या एका शॉकअपवरून ऑइल ओघळलेले होते. दुसरा कोरडा होता, मग दोन का? कारण एक नवा आणि एक थकलेला असेल तर गाडी दोन्ही बाजूंनी सारखी दबत नाही. शॉकअप जोडीनेच बदलतात. इथेही मेस्त्री बरोबर होता.

क्लचची गोष्ट वेगळी. क्लच घसरतो तेव्हा चढावर ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. जळका वास येतो. आम्ही माणसे भरून घाट चढून पाहिला. तिसऱ्या गिअरमध्ये आवाज आणि वेग बरोबरीने वाढले. क्लच थांबवला. फ्लशबद्दल गाडीच्या पुस्तिकेत ओळसुद्धा नाही. वेळच्या वेळी ऑइल आणि फिल्टर बदला, एवढेच तिथे आहे. तेही वगळले. २२ हजारांचे ११ हजार झाले. यावरून मेस्त्री अर्धा खोटा होता असे कुणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. गाडी घाटात अडकली तर शिव्या त्यालाच पडतात, त्यामुळे तो आधीच सगळे बदलायला सांगतो. ही भीती खरी आहे, फक्त तिचे बिल आपण का भरावे हा प्रश्न.

आणि चोर शोधायचाच असेल तर नजर थोडी वर न्यावी. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने या कंपन्या बाहेरच्या गॅरेजना सहज मिळू देत नाहीत, असा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या. म्हणजे रस्त्याकडेच्या मेस्त्रीला 'अडाणी' म्हणून हिणवायचे आणि त्याला शहाणे करणारी साधने दाबून ठेवायची. ही चाल ओळखीची वाटली तर नवल नाही.

अंदाज मात्र कागदावर घ्यावा, पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून. पक्के बिल मागावे, मेस्त्री भाऊबंद असला तरी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. १९१५ हा हेल्पलाइनचा क्रमांक. पण हातात कागद नसेल तर तिथे काय दाखवणार? तोंडी विश्वासावर बुडालेले पैसे परत मिळवणे किती कठीण, हे मजुरीची केस लढवलेल्या कुणालाही विचारा.

आता व्हॅनमध्ये एक वही ठेवली आहे. किलोमीटर, तारीख, काय बदलले, किती पैसे, कोणी पाहिले. क्लचसमोर 'दिवाळीनंतर पुन्हा घाट चढून बघणे' असे लिहिले आहे.