मोठ्या डोक्याचे माप

वहाण घ्यावयास गेलो तर दुकानदार प्रथम नंबर विचारतो. टोपी, सदरा, अंगठी, चष्मा यांपैकी एकही वस्तू आपण माप दिल्याखेरीज घेत नाही. मात्र अलीकडे घरोघरी मुलांच्या मस्तकी विराजमान झालेला हेडसेट नामक अलंकार बहुधा एकाच मापाचा निघतो आणि तो सर्वांना बसतो असे गृहीत धरले जाते. भारतातील कर्णाची कुंडले त्याच्याबरोबरच जन्मास आली असल्यामुळे ती सैल की घट्ट हा प्रश्नच त्याला पडला नाही. इतरेजनांस ही सोय नाही. आणि ज्यांचे मस्तक सामान्याहून थोर, त्यांस तर मुळीच नाही.

आमच्या घराण्यात विद्या पिढीगणिक कमीअधिक झाली असेल, पण डोक्याचा घेर कधी कमी झाला नाही. पणजोबांची पगडी अजून फडताळात आहे. नेहमीच्या साच्यावर काम भागेना म्हणून पगडबंद घरी येऊन दोऱ्याने माप घेऊन गेला होता, असे आजी सांगत असे. हा वारसा माझ्या थोरल्या नातवाकडे निर्वेधपणे आला आहे.

माझ्या तिन्ही मुलांची बिऱ्हाडे आता तीन गावी आहेत. एक पुण्यास माझ्याजवळ, दुसरे बंगळुरास आणि तिसरे कॅनडात टोरांटोस. पूर्वी चुलतभावंडे एका पंक्तीला जेवत, एका माजघरात निजत आणि यथास्थित भांडत. आता शनिवारी रात्री आमची जेवणे उरकली की तिन्ही घरचे नातू संगणकावरील एका खेळात एकत्र जमतात. लढाई पडद्यावर चालते, गप्पा कानाशी चालतात. परीक्षेतील गुण, आजीचे गुडघे, टोरांटोचा बर्फ, सारे त्यातच निघते. आणि आम्हा वडीलधाऱ्यांची झोपमोडही होत नाही. तेव्हा या वस्तूला निव्वळ चैन म्हणून नाक मुरडणे मला प्रशस्त वाटत नाही.

गेल्या वर्षी हा मुलगा तासाभरातच डोके दुखते म्हणून उठू लागला. पुढे पुढे तर शनिवारी बसेनासाच झाला. घरात नेहमीचे तर्क निघाले. कोणी म्हणाले चष्म्याचा नंबर वाढला, कोणी म्हणाले पित्त, तर कोणी सारे खापर खेळाच्याच माथी फोडले. एके रात्री त्याने हेडसेट उतरवला तेव्हा टाळूवर तांबडा वळ मला दिसला. चष्म्याच्या काड्या कानांवरच्या कातडीत रुतल्या होत्या. "अरे, दुखते तर बोलला का नाहीस?" असे विचारता तो म्हणाला, "आजोबा, बाकी सगळ्यांना बसतो. माझंच डोकं मोठं आहे."

या उत्तराने मी अस्वस्थ झालो. वस्तू माणसासाठी घडवलेली असते. ती बसली नाही म्हणजे दोष माणसाच्या अंगाचा, हा न्याय उफराटा होय. आणि सोळा वर्षांच्या मुलाने तो मुकाट्याने मान्य करावा, हे त्याहून वाईट.

त्याच्या आजीची शिवणाची फीत घेऊन मोजले, तो डोक्याचा घेर ६१ सेंटिमीटर भरला. विलायती टोप्यांच्या मापात याला एक्स्ट्रा लार्ज म्हणतात. दुखण्याचे कारणही मग उलगडले. हेडसेटची कमान ही एक स्प्रिंगच असते. स्प्रिंग जितकी ताणावी तितक्या जोराने ती परत खेचते, हा रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम आपण सारेच शाळेत शिकलो आहोत. म्हणजे जो हेडसेट लहान डोक्याला हळुवार धरतो, तोच मोठ्या डोक्याला चिमटा घेतो. शिवाय कमान आखूड पडली की वाट्या कानांवर पुरत्या उतरत नाहीत आणि सारा भार टाळूच्या एका रेघेवर येतो. १९१० साली अमेरिकेत युटा येथे नॅथॅनिएल बॉल्डविन याने आपल्या स्वयंपाकघरात जुळवलेले असे साधन तेथील आरमाराने घेतले होते. आज तेच साधन घराघरांत शिरले, तेव्हा डोक्यांची विविधताही त्याच्या वाट्यास येणारच.

आम्ही दोघे बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत गेलो. "आजोबा, याला साइज नसते, सगळ्यांना होतो," असे दुकानदार म्हणाला. मी खिशातून फीत काढली. मग त्यानेही हसून चार नग पुढे मांडले. आम्ही जे पाहिले ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. कमान डोक्यावर नीट बसल्यावरही दोन्ही बाजूंस एखाददुसरा खाच शिल्लक उरावा. टाळूवर टेकणारी पट्टी रुंद व मऊ असावी. कमानीखाली लवचिक पट्टा ताणून बसवलेला असल्यास अधिक बरे, कारण त्याने भार पसरतो. वाटीच्या पोकळीत अख्खा कान मावावा, त्याची पाळी कोठे दुमडू नये. चष्मा लावणाऱ्याने चष्म्यासकटच परीक्षा करावी. गादीला कापडाचे आवरण असल्यास आपल्याकडच्या वैशाखात घाम कमी येतो. कृत्रिम चामड्याने बाहेरचा गलबला अधिक अडतो. वजन २५० ते ३५० ग्रॅमांच्या दरम्यान असते. त्यात हलक्याकडे कल ठेवावा. आणि मुख्य म्हणजे निदान अर्धा घटका तरी तो डोक्यावर वागवल्याशिवाय पैसे मोजू नयेत. चिमटा पहिल्या पाच मिनिटांत जाणवत नाही. दुकानात इतकी मुभा नसेल तर परत घेण्याची अट आधी ठरवून घ्यावी.

नवा हेडसेट प्रारंभी किंचित घट्ट वाटला. त्याची कमान धातूची होती, म्हणून दोन रात्री तो डोक्याहून थोड्या रुंद पुस्तकांच्या चवडीवर चढवून ठेवला. माझे दोन जाडजूड संस्कृत कोश या कामी आले. प्लास्टिकच्या कमानीवर मात्र हा प्रयोग करू नये, ती मोडते.

आता शनिवारची बैठक अकरापर्यंत चालते. परवा टोरांटोच्या नातवाचा निरोप आला की त्याचेही डोके दुखते, माप कसे घ्यायचे ते आजोबांना विचारून सांग. फीत कपाळावरून, कानांच्या किंचित वर धरावी, असे मी कळवले. उत्तरी आकडा आला, ६० सेंटिमीटर.