हातभर काव, सात किलो चुनकळी

चुना लावताना दिसतच नाही! हे मला आधी कुणीच कसं सांगितलं नाही? कुंचा बादलीत बुडवला, भिंतीवर वरून खाली फिरवला, आणि भिंत नुसती ओली झाली. फडक्याने पुसल्यासारखी. खालचा मळकट पिवळा रंग जसाच्या तसा. पोटात गोळा आला. दोन दिवस खरवडण्यात गेले होते, आणि हाती आली ही ओली भिंत! कुंचा बादलीवर आडवा ठेवला आणि चहा टाकायला गेले. पंधरा-वीस मिनिटांनी कप घेऊन परत येते तर खिडकीजवळचा कोपरा पांढरा व्हायला लागला होता! दूध निवताना कडेने साय धरत जावी तशी ती भिंत कडेकडेने, हळूहळू, माझ्या डोळ्यांदेखत पांढरी होत होती. चहा गार झाला. मी तशीच उभी.

खोली म्हणजे कसबा पेठेतल्या जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावरची, दहा बाय बारा, भाड्याची. खिडकी एकच, तीही बोळात उघडणारी. भर दुपारी बाराला दिवा लावावा लागायचा आणि तरीही भिंती अंगावर यायच्या. रंगाऱ्याला विचारलं होतं. लांबी, प्रायमर, वर रंगाचे दोन हात असं सगळं धरून त्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून मी विषयच मिटवला. शेवटी घरमालकीण माईंना नुसतं विचारलं, की मी स्वतः काही केलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, "अगं, या मूळच्या चुन्याच्या भिंती. आम्ही दर दिवाळीला घरीच सफेदी करायचो. तू चुनकळी घेऊन ये, पुढचं मी सांगते."

चुनकळी! हा शब्द मी लहानपणी ऐकला होता, वस्तू कधी पाहिली नव्हती. दुकानातून पिशवीत आले ते पांढरे, हलके, खडूसारखे दिसणारे दगड. सात किलो. माई चौकात खुर्ची टाकून बसल्या आणि त्यांनी पहिलीच गोष्ट बजावली, की प्लॅस्टिकची बादली नको, पत्र्याचा डबा घे. दुसरी, आधी पाणी आणि मग त्यात चुनकळी. कळ्यांवर वरून पाणी ओतायचं नाही, उडतं. तिसरी, डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे. हे तिन्ही नियम तुम्हीही मनावर घ्या, कारण पुढे जे झालं ते मी शब्दांत कसं सांगू! पहिले तीन-चार खडे पाण्यात सोडले. क्षणभर काही नाही. मग सूं सूं आवाज, मग एक खडा मधोमध तडकला, त्यातून वाफ आली, आणि बघता बघता डबाभर पाणी खदखदायला लागलं. खाली जाळ नाही, शेगडी नाही, काही नाही! डब्याजवळ हात नेला तर धग लागत होती. "विरतोय," माई म्हणाल्या, "लांबूनच बघ." चुना विरवणं म्हणजे हे!

त्या रात्री मी वाचत बसले आणि झोप उडाली. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरते ती चुनकळी. तिला पाणी मिळालं की ती तापून विरते. मग तो विरलेला चुना भिंतीवर बसला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि दिवसांमागून दिवस, हळूहळू, पुन्हा दगड होतो! म्हणजे मी भिंतीला रंग देतच नव्हते. मी भिंतीला दगडाचा पातळ पापुद्रा चढवत होते. पानाला लावतात तो चुना, मैदानावर रेघा आखतात ती फक्की, सगळी त्याच घरातली मंडळी. आणि हा पापुद्रा श्वास घेतो. जुन्या भिंतीतली ओल त्यातून बाहेर जाऊ शकते. ऑइलपेंट ती आत कोंडतो, म्हणून तर फुगे येतात आणि पोपडे पडतात. शिवाय चुना इतका तिखट, की ताज्या चुन्यावर बुरशीला धड जीव धरता येत नाही.

विरलेला चुना रात्रभर मुरू दिला, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला आणि दुधाइतका पातळ केला. दाट लावला तर तडकतो, हे ध्यानात ठेवा. त्यात छोटी मूठभर डिंक पाण्यात विरघळवून घातला, म्हणजे भिंतीला टेकलं तर कपड्यांना पांढरं लागत नाही. आणि चिमूटभर नीळ. धोब्याची नीळ! चुन्यात जी पिवळसर झाक असते ती निळीने मरते, आणि पांढरा थंडगार, स्वच्छ दिसतो. भिंत आधी ओली करून घ्यायची, मग कुंचा. पहिला हात उभा, वाळला की दुसरा आडवा, मग पुन्हा उभा. तीन हात लागले.

एक जागा मात्र फसली. खिडकीखाली कुणीतरी कधीकाळी ऑइलपेंटचा पट्टा मारला होता. तो मी खरवडला नाही, वरूनच चुना फिरवला. सकाळी पाहते तर त्या पट्ट्यावरचा सगळा चुना पापुद्रे होऊन खाली फरशीवर! चुन्याला धरायला सच्छिद्र भिंत लागते. डिस्टेंपर ओलं करून पत्र्याने खरवडता येतं, ऑइलपेंटवर किंवा प्लॅस्टिक इमल्शनवर चुन्याच्या वाटेला जाऊ नका. त्या पट्ट्यावर मी बांबूच्या काठीवर आजीची गोधडी टांगली. आता खोलीत शिरल्यावर पहिली नजर तिच्यावरच जाते. तिचे ते हातटाके, एकात एक शिरत गेलेले चौकोन, इतकी वर्षं ते घडीत मिटून पडले होते!

आणि मग काव. गेरू म्हणा हवं तर, आमच्याकडे काव म्हणतात. माई म्हणाल्या, "खाली हातभर कावेचा पट्टा ओढ. केर काढताना भिंत मळते ती दिसत नाही." सरळ रेघ कशी मारायची? दोन खिळे, आणि कावेच्या पाण्यात भिजवलेली सुतळी त्यांच्यामध्ये ताणून बांधली. माईंनी मधोमध चिमटीत धरली, मागे ओढली, सोडली. टण्! भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाल रेघ, फुटपट्टीने मारल्यासारखी. मला ते इतकं आवडलं, की उरलेल्या तिन्ही भिंतींवर मीच सुतळी सोडली. वर पांढरं, खाली तांबडं. ही जोडी आपल्या मातीत किती खोल रुजलेली आहे, हे तेव्हा डोळ्यांसमोर आलं! गोव्याच्या आणि कोकणच्या जुन्या देवळांवरची कावी कला हेच दोन रंग घेऊन उभी आहे. कावेचा लाल गिलावा ओला असताना खरवडायचा, की खालचा पांढरा चुना नक्षी होऊन वर येतो. आणि पालघर-डहाणूकडे वारली घरांच्या गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढलेली ती माणसं! जिव्या सोमा मशे यांनी ती साऱ्या जगापुढे नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन किलो काव मी शंभर रुपयांना आणली होती.

पडद्यांचं काम एका दुपारी झालं. आईची विरलेली इरकल साडी होती. पाच वारी साडीत चार फुटी खिडकीचे तीन पडदे सहज निघतात, काठ उभे ठेवायचे आणि पदराचा तुकडा मधल्या पडद्याला. शिलाई हातानेच घातली.

पण दिव्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही! बल्बच्या खोक्यावर एक आकडा असतो, 6500 के किंवा 2700 के. मी कधी वाचलाच नव्हता. 6500 म्हणजे निळसर पांढरा, दवाखान्यासारखा. 2700 म्हणजे पिवळसर, उबदार, जुन्या बल्बसारखा. मी ट्यूब बंद केली आणि 2700 चे दोन एलईडी लावले. एक कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. दुसरा बुरूड आळीतून आणलेल्या बांबूच्या टोपलीत, ती उलटी टांगून. एलईडी फारसा तापत नाही म्हणून टोपलीत चालतो, जुना तारेचा बल्ब मात्र तिथे कधीही लावू नका. बटण दाबलं आणि टोपलीच्या विणीची सावली चारी भिंतींवर पसरली! चुन्याच्या भिंतीला चकाकी नसते, ती उजेड परत फेकत नाही, पसरवते. त्याच खिडकीतून तेवढाच उजेड येतो, पण आता दुपारी बाराला मी दिव्याशिवाय पेपर वाचते.

सगळा हिशेब वहीत मांडला. चुना, काव, डिंक, नीळ, कुंचे, पॉलिश पेपर मिळून 560 रुपये. बल्ब, टोपली, होल्डर, वायर 490. एकूण 1050!

काल संध्याकाळी माई जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या सहसा वर येत नाहीत. दारात थांबल्या, भिंतीवरून तळहात फिरवला आणि हाताकडे पाहिलं. पांढरं लागलं नव्हतं. मग पलंगावर टेकल्या आणि बराच वेळ टोपलीच्या सावलीकडे बघत बसल्या. जाताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या झाकलेल्या डब्यावर पडली.

"चुना उरलाय का गं?"

"अर्धा डबा आहे, माई."

"मग उद्या सकाळी जिना घेऊ."

कुंचे पाण्यात भिजत घातलेत. सुतळी नवी आणलीय.