क्यूबा स्ट्रीटवरचा कॉम्प्रेसर

"कॉम्प्रेसर घ्यायला वेलिंग्टनला चाललेय," असं आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, एवढ्यात फ्रिज बिघडला?" तिचं काही चुकलं नाही. आपल्याकडे कॉम्प्रेसर दोनच. एक फ्रिजचा आणि दुसरा पंक्चरवाल्याच्या टपरीतला, फटफट आवाज करणारा. मला हवा होता तो तळहातावर मावतो, पायानं दाबून चालू-बंद करतात आणि बेस गिटार आणि अँप यांच्या मधे बसतो. हे ऐकल्यावर आई थोडा वेळ गप्प झाली. मग तिनं मुलांच्या शाळेची चौकशी केली.

आमच्या पामर्स्टन नॉर्थच्या मंडळींना यातली पार्श्वभूमी माहीत आहे, गावाकडच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या वाद्यवृंदात ढोलकी आहे, तबला आहे, हार्मोनियम आहे, कीबोर्ड आहे. बेस वाजवणारा दादा गेल्या वर्षी ब्रिस्बेनला गेला. इथल्या प्रत्येक मंडळातून दरवर्षी कोणी ना कोणी ऑस्ट्रेलियाला जातंच; निरोपाच्या जेवणाचा मेनू आता आम्हाला पाठ आहे. जाताना त्यानं आपली गिटार माझ्याकडे दिली. मी सांगलीला शाळेत मराठी शिकवायची, हार्मोनियम थोडीफार येत होती, आणि दुपारी मुलं शाळेत असताना घर रिकामं असायचं. वर्षभर रोज तासभर वाजवलं. सूर बसले, ताल बसला. पण हॉलमध्ये सगळ्यांबरोबर वाजवायला लागले की जाड तारेवरचे सूर ढोलकीखाली गडप व्हायचे आणि बारीक तारेवरचा एखादा सूर एकदम दणकन बाहेर यायचा. मंडळाच्या बैठकीत सूचना आली की या दिवाळीला कीबोर्डच्या डाव्या हातानंच बेस वाजवून घेऊ. सूचना प्रेमानंच केली होती आणि तिच्यात तथ्यही होतं. मी पुढच्या तालमीपर्यंतची मुदत मागून घेतली.

बेसच्या जागी यंत्र बसवायची कल्पना काही आमच्या मंडळाची नव्हे. रोलँड कंपनीनं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाचं छोटं यंत्र काढलं, ते मुळात बेस गिटारची जागा घ्यावी म्हणूनच. मुंबईत चरणजितसिंग यांनी, जे स्वतः हिंदी चित्रपटसंगीतात बेस गिटारही वाजवत, १९८२ साली तेच यंत्र घेऊन रागांवर आधारित एक आख्खी रेकॉर्ड केली. यंत्र बेसवाल्याच्याच हाती लागलं, याची मला फार गंमत वाटते. आणि ज्यांना बेस म्हणजे नेमकं काय ते कळत नाही, त्यांनी आर. डी. बर्मन यांचं कुठलंही नाचरं गाणं लावावं आणि गायकाकडे लक्ष न देता तळाशी कोण चालतंय ते ऐकावं. डग्ग्याचा घुमारा जर सुरात बांधला तर जे होईल, ते बेस.

वेलिंग्टन आमच्यापासून साधारण एकशे चाळीस किलोमीटर. कॅपिटल कनेक्शन नावाची गाडी सकाळी लवकर सुटते, दोन तासांत पोचवते आणि संध्याकाळी परत आणते. फक्त सोमवार ते शुक्रवार, कारण ती मुळात नोकरदारांची गाडी. आपल्या डेक्कन क्वीनची आठवण व्हावी अशी. फक्त इथे कोणी कोणाशी बोलत नाही. शॅनन, लेव्हिन, ओटाकीपर्यंत कुरणं आणि गाई. पॅराप्राऊमूच्या आसपास समुद्रात कापिटी बेट दिसतं. पायकाकारिकी सोडलं की गाडी डोंगराच्या कडेला चढते, उजव्या हाताला खाली समुद्र, मधेमधे छोटे बोगदे. त्या दहा मिनिटांसाठी मी हा प्रवास दर महिन्याला करीन. नवा मोटारवे २०२२ मध्ये झाल्यापासून गाडीनं जाणारे बरेच जण तो किनारा आता पाहतच नाहीत.

स्टेशनावरून चालत क्यूबा स्ट्रीट वीस-पंचवीस मिनिटं. नावाचा क्यूबा देशाशी संबंध नाही. १८४० मध्ये वसाहतीसाठी मोजणी करणाऱ्यांना घेऊन 'क्यूबा' नावाचं जहाज इथे आलं, त्याचं हे नाव. रस्त्याचा एक भाग १९६९ पासून फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे, आणि तिथलं बादल्यांचं कारंजंही त्याच साली बसवलेलं. एक बादली भरली की ती खालच्या बादलीत रिकामी होते, निम्मं पाणी बाहेरच उडतं, आणि बघणारी पोरं भिजून खूश होतात. जुन्या रेकॉर्ड्सची दुकानं, कॉफी, जुने कपडे. खांद्यावर गिटारची पिशवी घेतलेली साडेपाच फुटांखालची भारतीय बाई इथे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. सांगलीत आली असती.

दुकानात साठीकडे झुकलेले एक गृहस्थ होते. "कुठला कॉम्प्रेसर चांगला?" या माझ्या प्रश्नाला त्यांनी उत्तरच दिलं नाही. आधी कुठलंही पेडल न जोडता वाजवायला लावलं. मग म्हणाले, तुझा हात वाईट नाही, जाड तारेला तो घाबरतो एवढंच. पेडल त्या भीतीचं अंतर कमी करील, भीती घालवणार नाही. हा माणूस शाळेत असता तर आमच्या मुख्याध्यापकांनी त्याला जाऊ दिलं नसतं.

कॉम्प्रेसर काय करतो हे मला कळलं ते वर्गावरून. वर्गात थोडी कुजबुज मी चालू देत असे. ती ज्या पातळीला थांबवायची, ती झाली थ्रेशोल्ड. त्यापुढे किती कडक व्हायचं, तो रेशो. चारास एक रेशो असेल, तर मर्यादेच्या वर आठ डेसिबल गेलेला आवाज फक्त दोन डेसिबल वर राहतो. ओरडायला किती वेळ लावायचा, तो अटॅक. आणि राग किती वेळ धरून ठेवायचा, तो रिलीज. मोठे आवाज असे खाली आणले की सगळ्याची पातळी एकदम उचलता येते, आणि मागच्या बाकावरचं पोर ऐकू यायला लागतं. अर्थात त्याच्याबरोबर पंख्याची घरघरही ऐकू येते. आवाज उचलला की पेडलाच्या आधीची, गिटारकडून येणारी सूंऽ सुद्धा उचलली जाते.

तीन पेडलं वाजवून पाहिली. पहिलं एमएक्सआरचं डायना कॉम्प, सत्तरच्या दशकापासून चालत आलेलं, लाल, दोनच नॉब. साधं आणि गोड, पण मुळात गिटारवाल्यांचं. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. या पेडलातून तिचं पोट थोडं आत गेल्यासारखं वाटलं. आणि अटॅकचा नॉबच नाही. दुसरं बॉसचं बीसी-१एक्स, हे बेससाठीच बनवलेलं. ते खालचे आणि वरचे सूर वेगवेगळे हाताळतं, म्हणजे जाड तार जोरात वाजली म्हणून बारीक तारेचा गळा दाबला जात नाही. फार शहाणं पेडल. मंचावर एकदा पाय ठेवून विसरून जायचं असेल, तर हेच घ्यावं असं मी कोणालाही सांगीन. तिसरं एमएक्सआरचंच एम८७, दिसायला सुंदर नव्हे, पण पाच नॉब, आणि आवाज किती दाबला जातोय ते दाखवणारी दिव्यांची ओळ. यात थ्रेशोल्डचा वेगळा नॉब नाही. इनपुट वाढवाल तसा आवाज मर्यादेवर चढतो.

मी तिसरं घेतलं, आणि ते अटॅकसाठी. लावणीत ढोलकीच्या थापेबरोबर बेसची तार तुटक वाजायला हवी. अटॅक फार चपळ असेल तर ती सुरुवातीची 'ठण' पेडल गिळून टाकतं आणि उरते नुसती 'मम'. अटॅक सावकाश ठेवला की ठण सुटून जाते आणि मागचा सूर तेवढा आवरला जातो. भावगीताला नेमकं उलटं हवं. हे मला माझ्या हातानं ठरवायचं होतं. दिव्यांचाही मोह होताच. जाड तारेवर एकही दिवा लागत नाही आणि बारीक तारेवर चार लागतात, हे डोळ्यांनी दिसल्यावर माझा हात कुठे कच्चा आहे ते वही तपासल्यासारखं समोर आलं.

इथलंच काहीतरी घ्यावं असं आधी मनात होतं. न्यूझीलंडला पेडलांचा चांगला वारसा आहे. 'स्प्लिट एन्झ'मध्ये सत्तरच्या दशकात ड्रम वाजवणाऱ्या पॉल क्राउदर यांनी ऑकलंडला बनवलेलं 'हॉटकेक' जगभर गाजलं. पण तो आवाज खरखरीत करणारा, दाबणारा नव्हे. रेड विचचं 'ग्रेस' नावाचं छोटं कॉम्प्रेसरही इथलंच. पण त्या दिवशी दुकानात ते नव्हतं, आणि न ऐकता पेडल घेणं म्हणजे फोटोवरून लग्न ठरवणं.

पैशांचं बोलायचं, तर परदेशातून मागवलं की स्वस्त पडतं हा समज आता जुना झाला. डिसेंबर २०१९ पासून बाहेरून येणाऱ्या हजार डॉलरपर्यंतच्या वस्तूंवरही इथला १५ टक्के जीएसटी लागतो, वर टपालखर्च. ट्रेड मीवर जुनी पेडलं बरी मिळतात, फक्त घरगुती विक्रेत्याकडून घेतलेल्या वस्तूला १९९३ च्या ग्राहक हमी कायद्याचं संरक्षण नसतं. दुकानातल्याला असतं. पेडल माझ्या शनिवारच्या मराठी वर्गाच्या मानधनातून आलं, म्हणून हा हिशेब मी जरा जास्तच केला असेल.

एक सूचना मात्र ठळक अक्षरांत छापावी अशी आहे. मंडळाच्या पेटीत जो कीबोर्डचा अडॅप्टर पडलेला असतो, तो पेडलला लावू नका. या पेडलांना ९ व्होल्ट लागतात आणि पिनेच्या मधोमध ऋण टोक. कीबोर्डचे बरेच अडॅप्टर १२ व्होल्टचे आणि टोकं उलटी असलेले असतात. पिन मात्र बेमालूम बसते.

पुढची तालीम नेहमीच्या लाकडी जमिनीच्या हॉलमध्ये झाली. त्या हॉलला एक खोड आहे. काही खालचे सूर तो आपणहून घुमवतो, आणि त्यावर पेडलाचा इलाज चालत नाही, कारण हॉल पेडलाच्या नंतर येतो. मी अँप भिंतीपासून दूर ओढला. रेशो सगळ्यांत कमी, म्हणजे चारास एक. लावणीला अटॅक सावकाश, बारीक तारेवर तीन दिवे लागतील इतकं इनपुट. ढोलकीवाले काका दुसऱ्या कडव्यात मान वर करून माझ्याकडे बघायला लागले. तिसऱ्या कडव्यात त्यांनी लय किंचित चढवली, आणि बेस बरोबर आहे की नाही ते बघितलं. होता.

बैठकीत ठरलेल्या कार्यक्रमपत्रिकेवर बेसपुढे कीबोर्डवाल्या मुलाचं नाव छापून झालं होतं. ते तसंच राहू द्या म्हटलं, छपाईचे पैसे गेलेत. नॉबच्या खुणा मी पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून ठेवल्या आहेत, 'ला' म्हणजे लावणी आणि 'भा' म्हणजे भावगीत. अभंगाची खूण अजून ठरायची आहे. टाळ एकदम वाजायला लागले की सगळा हिशेब बदलतो.